खोत गल्लीचा पीतबिंदू

शिबिराच्या भोजनगृहात सकाळी रांग लागायची ती उपम्यासाठी नव्हे, यंत्रासाठी. दारातच एका खांबावर दुर्बिणीसारखं दिसणारं यंत्र बसवलेलं होतं. त्यावर हनुवटी टेकवायची, आतला निळा-हिरवा उजेड थरथरू लागला की पापणी न हलवता पाहायचं, की बाजूच्या पडद्यावर आकडा उमटे आणि त्याखाली सूचना येई: 'पालक वाढवा', 'आज मका घ्या', 'भाजीत तेल कमी पडतं आहे'. या शेवटच्या सूचनेवर आचारी फार चिडायचा. आपल्या हातच्या भाजीला तेल कमी म्हणणारं त्याला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

यंत्राचं नाव पीतमापक. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध मसुरीएवढी एक पिवळसर जागा असते, तिला पीतबिंदू म्हणतात. वाचताना, सुई ओवताना, नेम धरताना आपण पाहतो ते या जागेनं. तिचा पिवळेपणा ल्युटीन आणि त्याच्या भावंड-रंगांचा असतो, आणि गंमत अशी की हा रंग शरीराला स्वतः बनवता येत नाही. तो ताटातूनच यावा लागतो. हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून तो येतो, तेलातुपात विरघळून रक्तात उतरतो आणि महिनोन्‌महिने डोळ्यात साठत जातो. तो भरपूर असला तर झगझगीत उजेडात डोळा कमी दिपतो आणि फिकट कडाही नीट दिसते. गेल्या सहा महिन्यांत आपण काय खाल्लं ते माणूस विसरतो, पीतबिंदू विसरत नाही.

म्हणून तर 'फिकट लक्ष्य' या नव्या स्पर्धेच्या शिबिरात या यंत्राला एवढा मान होता. नेमबाजीचा हा प्रकार निघून पाचसहा वर्षंच झाली होती. यात दर नेमाला लक्ष्यावरचं काळं वर्तुळ थोडं थोडं फिकं होत जातं, आणि शेवटी पांढऱ्यावर पांढरं म्हणावं इतकं उरतं. ज्याला ते शेवटपर्यंत दिसतं तो जिंकतो.

त्या सकाळी कोल्हापूरकडच्या हसूरवाडीची शिवन्या खोत रांगेत उभी होती. वय एकोणीस, उंची बेताची, खांदे भरलेले. निवड चाचणीत तिनं सगळ्यांना मागे टाकलं होतं, तेव्हा तिच्याकडे सगळ्यांचंच लक्ष होतं. तिनं हनुवटी टेकवली. एरवी चाळीस-पन्नासच्या आसपास घुटमळणारा आकडा चढत चढत एकशे सातवर थांबला, आणि नव्वदच्या वर गेलं की लागणारा यंत्रावरचा तांबडा दिवा पेटला.

"बिघडलं वाटतं," मागची मुलगी म्हणाली.

दुसऱ्यांदा मोजलं. एकशे सात. दुसऱ्या यंत्रावर मोजलं, तिथंही तेच. तोपर्यंत शिवन्याच्या मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती, आणि त्या कुजबुजीत एक शब्द पुनःपुन्हा येत होता: पिवळी सुई.

नव्वद ही मर्यादा उगाच ठरलेली नव्हती. झेंडूच्या फुलांतून काढलेला शुद्ध अर्क थेट डोळ्याजवळ टोचला तर काही आठवड्यांतच पीतबिंदू भरून जातो, हे कुणीतरी शोधून काढलं आणि नेमबाजांत त्याची साथच आली. पुढे काहींच्या डोळ्यांत त्या रंगाचे खडे जमून पडद्याला इजा झाली. दोघा-तिघांची नजर कायमची गेली. तेव्हापासून सुईवर बंदी होती, आणि नव्वदच्या वर गेलेल्या खेळाडूनं तो रंग आला कुठून हे दाखवून द्यायचं, नाहीतर चार वर्षं घरी बसायचं.

शिबिराच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. नसरीन शिकलगार मिरजेच्या. बोलायला कडक, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी शिवन्याला समोर बसवलं.

"सुई घेतलीस?"

"न्हाई मॅडम."

"कुणी थेंब म्हणून दिलं, टॉनिक म्हणून टोचलं?"

"मी काय बी घेतलो न्हाई!" शिवन्या उसळून म्हणाली. चिडली की तिची सगळी शिबिरी भाषा गळून पडायची आणि गावची, तिथल्या बायका बोलतात तशी, बाहेर यायची. "मी अंडी खातो. रोजची तीन. आमच्या घरची."

"अंडी इथं सगळ्याच खातात."

"ही अंडी?" शिवन्या हसली, आणि त्या हसण्यात जरा तोराच होता. "ह्यांचा बलक बघितलासा मॅडम? पाण्यात हळद टाकल्यागत. आमच्याकडं बलक शेंदरी असतोय. कोंबड्या झेंडू खात्यात आमच्या. मरगाईदेवीच्या पायावरचा."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्या घातल्या की बलक गडद होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बलकातल्या स्निग्धांशामुळे तो रंग माणसाच्या अंगी लागतोही चांगला. अडचण वेगळीच होती. सुईतला अर्कही झेंडूचाच. फुलातून आलेलं ल्युटीन आणि सुईतून आलेलं ल्युटीन, दोन्ही एकच. रक्त तपासा, डोळा तपासा, ते वेगळं करून दाखवणारी चाचणी जगात नव्हती.

"संघ जाहीर व्हायला दहा दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर तू रायफलला हात लावायचा नाहीस. आणि मला तुझ्या गावाचा पत्ता दे."

हसूरवाडीत डॉक्टर पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. कोल्हापूरकडच्या माणसाला जेवणात मीठ कमी पडलेलं चालतं, अभिमानात कमी पडलेलं चालत नाही. आपल्या पोरीवर संशय म्हणजे अख्ख्या खोत गल्लीवर संशय, असं धरून गल्ली तालमीसमोर जमली होती, आणि दोन दिवस आधी घरी आलेली शिवन्याही त्यात होती. सगळ्यांच्या पुढे शिवन्याचे आजोबा, आबा खोत. ऐंशी ओलांडलेले जुने पैलवान, कान मोडलेले, मिशी पांढरी, आवाज मात्र अजून आखाड्यातला.

"मॅडम, आमची पोरगी सुई टोचून घेणारी न्हवं," त्यांनी नमस्काराच्या आधीच सांगून टाकलं. "ह्या गल्लीत खुराक असतोय. खुराकावर वाढलीया ती."

कोंबड्यांची हकिकत शंकर गुरवानं सांगितली. मरगाईला हार चढतात झेंडूचे, आणि नवरात्रात तर गाभारा भरून जातो. पूर्वी निर्माल्य नदीत सोडत. नदीत काही टाकायचं नाही असा कायदा आला आणि गुरवाच्या दारात ढीग साचू लागला. देवीच्या अंगावरचं फूल, पायाखाली तर येता कामा नये. तेव्हा शिवन्याची आई, वनिता, पाटी घेऊन आली आणि म्हणाली, मी वाळवून कोंबड्यांना घालते. गावात गदारोळ झाला. देवीचं फूल कोंबडीला?

"मी म्हनलं," गुरव सांगत होता, "फूल देवीनं वापरलं, आता कोंबडीनं खाल्लं तर देवीचं काय अडतंय? पर एक अट घातली आमी. ही अंडी निर्माल्यावरची. प्रसाद कोन इकत न्हाई. तवा ही अंडी बी इकायची न्हाईत. वाटायची."

आणि खोत गल्लीनं ही अट बारा-तेरा वर्षं पाळली होती. वनितानं एक अंडं कधी बाजारात नेलं नाही. गल्लीतल्या घरांना वार लावून दिले होते. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार. ज्या घरात म्हातारं किंवा बाळंतीण, त्यांना आठवड्यात दोन वार. ज्या दिवशी ज्याचा वार, त्या दिवशी अंड्यांची पाटी त्याच्या दारात. ज्यांच्या घरी कोंबड्या, त्या खोतांच्या घरी मात्र रोज अंडी शिजत, कारण घरातली पोर रायफल धरत होती.

डॉक्टरांच्या डोळ्यात एकदम चमक आली. "म्हणजे या गल्लीत कोण किती अंडी खातं हे सगळ्यांना माहीत आहे?"

"वार इसरतोय व्हय कोन?" आबा म्हणाले.

"मग सगळ्यांचे डोळे मोजू या."

तालमीच्या बाहेरच्या खोलीत, हनुमंताच्या तसबिरीखाली, सोबत आणलेला छोटा पीतमापक टेबलावर बसला. गल्ली रांगेत उभी राहिली. पहिला मान आबांचा. त्यांनी टोपी काढली, हनुवटी टेकवली आणि श्वास रोखून धरला, जणू समोर जोडीदार उभा आहे.

आकडा आला एकशे बारा.

"किती?" आबांनी विचारलं. "पोरीपेक्षा जास्त? मग मला बी बंदी घालतासा काय चार वर्सं?"

तालीम हसण्यानं दणाणली. त्यानंतर जे आकडे येत गेले ते पाहून डॉक्टरांना हसू आवरेना. सत्तर, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी. शहरात ज्या वयाच्या माणसांचे पीतबिंदू त्यांनी फिकुटलेले पाहिले होते, त्या वयाची माणसं इथं भरलेले डोळे घेऊन येत होती. एक सत्तरीची बाई अजून चष्म्याशिवाय तांदूळ निवडत होती आणि तिला त्यात विशेष असं काही वाटत नव्हतं.

"नुसत्या अंड्यांनी होत नाही हे सगळं," डॉक्टर म्हणाल्या. "तंबाखू, ऊन, अनुवंश, बरंच काही असतं. पण तुमच्या ताटानं तुमच्या डोळ्यांची बाजू चांगलीच धरली आहे."

"आमच्या ताटानं न्हवं, वनितानं धरलीया," मागून कुणीतरी म्हणालं, आणि साऱ्यांनी मान डोलावली. गल्लीला आपला अभिमान होता, पण तो कुणामुळे आहे हे ती विसरली नव्हती.

डॉक्टर प्रत्येक आकडा हातातल्या तक्त्यावर टिंब म्हणून मांडत होत्या. आडव्या रेषेवर आठवड्याची अंडी, उभ्या रेषेवर डोळ्याचा आकडा. ज्यांचा एक वार ती टिंबं खाली, दोन वारवाली जरा वर, आबा आणि शिवन्या सगळ्यात वर. तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली शेजारची सून मधेच कुठेतरी, कारण तिच्या डोळ्यात अजून साठायला वेळ मिळाला नव्हता. टिंबांतून तिरकी रेष दिसू लागली होती.

"छान आहे," त्या शिवन्याला म्हणाल्या. "पण निवड समिती एक प्रश्न विचारणारच. आजकाल गावोगावचे वैदू म्हाताऱ्यांना मोतीबिंदूवरचा उतारा म्हणून पिवळी सुई टोचतात. अख्ख्या गल्लीचा आकडा जास्त आहे म्हटल्यावर ते म्हणतील, गल्लीत वैदू येऊन गेला असेल. ज्याची ऐपत जास्त त्यानं जास्त टोचून घेतली."

"मग?"

"मग या रेषेचं दुसरं टोक हवं. याच गल्लीतलं, हेच पाणी पिणारं, याच भाज्या खाणारं, पण एकही अंडं न खाणारं माणूस. त्याचा आकडा साधा निघाला तर रेष पुरी होते. एकजण पुरे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. गल्लीत माळकरी कुणी नव्हतं. अंडं न आवडणारा एक होता, तो पुण्याला नोकरीला गेलेला.

"मॅडम, न्हाई मिळायचं," आबा ठामपणे म्हणाले. "दारात आलेला प्रसाद नको म्हननारा करंटा आमच्या गल्लीत न्हाई."

"मी हाय."

दारात वनिता उभी होती. हातात चहाच्या कपांचं ताट. आबांचा चेहरा उतरला.

"आई, काय सांगतीस?" शिवन्या म्हणाली. "तू खातीस की! परवा मी आलो तवा अंड्याचं कालवण केलेलंस. सगळ्यांनी खाल्लं."

"सगळ्यांनी खाल्लं," वनिता म्हणाली. "मी खाताना तू बघितलंस?"

शिवन्यानं आठवून पाहिलं. आई वाढताना आठवली, चुलीपाशी आठवली, 'तुमी बसा, मी मागनं जेवतो' म्हणताना तर रोजच आठवली. आईचं ताट काही आठवेना. दहा मीटरवरचं पांढऱ्यावरचं पांढरं वर्तुळ दिसणाऱ्या पोरीनं आपल्या आईच्या ताटात काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. तिला लाज वाटली. इतकी, की शिबिरात तांबडा दिवा लागला तेव्हाही वाटली नव्हती.

डॉक्टरांनी वनिताला खुर्चीवर बसवलं आणि मोजायच्या आधी विचारलं, "कधीपासून खात नाही, ताई?"

"आट वर्सं झाली."

"त्याआधी?"

"तवा लई आवडायचं," वनिता हसली. "भाकरीवर अंड्याची पोळी करून."

"मग सोडलंत का? पोटाचा त्रास? कावीळ झाली होती? हे मला नीट सांगा. आजारपणामुळे सोडलं असेल, तर अन्नातला रंग तुमच्या अंगालाच लागत नसेल, आणि मग तुमचं टिंब मला धरता येणार नाही."

वनितानं गुरवाकडे पाहिलं. शंकर गुरव पुढे आला. "मॅडम, ते तेवढं इचारू नका तिला."

"विचारावं लागेल. समिती मला विचारणार."

"नवस हाय तो," गुरव चाचरत म्हणाला. "बोलून दाखिवला तर बाटतोय. पुरा व्हईस्तवर सांगायचा नसतोय आमच्यात."

आता सगळ्यांच्याच लक्षात आलं की नवस कशाचा असणार. न सांगावा तर रेष अर्धी राहते आणि पोर चार वर्षं घरी बसते. सांगावा तर ज्यासाठी आठ वर्षं जिभेला आवर घातला, तेच हातचं जायचं. वनितानं ताट खाली ठेवलं, पदरानं हात पुसले. मरगाईच्या देवळाच्या दिशेला एकदा पाहिलं.

"शिवन्यानं शाळेत पहिल्यांदा बंदूक धरली, तवा बोललेलो हाय मी," ती म्हणाली. "पोरगी देशाच्या संघात जाईस्तवर अंडं तोंडात घालणार न्हाई. आजार बिजार काय न्हाई मला. लिवा मॅडम तुमी."

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. गुरवानं डोळे मिटून हात जोडले.

"बाटला तर बाटू दे," वनिता त्याच्याकडे वळून म्हणाली. तिची मान ताठ होती. "देवी आंधळी न्हाई, शंकरमामा. मी कशापायी बोललो ते तिला दिसतंय."

तिनं हनुवटी टेकवली. निळा-हिरवा उजेड थरथरला. आकडा आला एकतीस.

डॉक्टरांनी तक्त्यावर टिंब ठेवलं. ते नेमकं तिथं पडलं जिथं रेष जाऊन टेकायला हवी होती. एकाच घरातली, एकाच चुलीवरचं खाणारी मायलेक, एक वरच्या टोकाला आणि एक खालच्या टोकाला, आणि दोघींमध्ये फरक फक्त अंड्यांचा. शिवाय गल्लीत सुई आली असती तर आकडे ऐपतीप्रमाणे पडले असते, अंड्यांच्या वाराप्रमाणे नव्हे, हे समितीला वेगळं सांगायची गरज नव्हती. डॉक्टर उठल्या आणि शिवन्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू सुटलीस."

तालमीबाहेर आरोळी उठली. आबा मात्र आरोळीत सामील झाले नाहीत. ते सुनेपाशी आले आणि खाली बघत म्हणाले, "पोरी, मघाशी करंटा म्हनालो मी."

"तुमास्नी काय ठावं, आबा."

"त्येच की," म्हातारा म्हणाला. "आट वर्सं एका घरात. आन्‌ ठावं न्हाई."

गडबड जरा कमी झाल्यावर डॉक्टरांनी वनिताला आणि शिवन्याला बाजूला घेतलं. यंत्रानं आकड्यासोबत डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्रही घेतलं होतं. पीतबिंदूच्या कडेला चारदोन बारीक फिकट ठिपके दिसत होते.

"आजार म्हणावा असं अजून काही नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "अंडी सोडली म्हणून हे झालं असंही नाही. वय आहे, धूर आहे, उन्हात काम आहे. पण डोळ्याकडे शिल्लक कमी आहे, आणि हे ठिपके वाढले तर पुढे समोरचा चेहरा नीट दिसायला त्रास होतो. मी गोळ्या लिहून देते, झेंडूच्याच आहेत. मात्र गोळी ताटाची जागा घेत नाही. ती ताटाला जोड असते. माठ, शेपू, शेवग्याचा पाला, मका, चालेल तेव्हा अंडं, आणि भाजीवर तेलाचा हात जरा सैल. दर सहा महिन्यांनी मला डोळे दाखवायचे."

"नुसतं गाजर खाल्लं तर?" वनितानं विचारलं. "रेडिओवर सांगत्यात."

"गाजर चांगलंच. पण या पिवळ्या रंगाला ते पुरत नाही."

"बरं. पोरीचा चेहरा दिसाय पायजे म्हंजे झालं," वनिता म्हणाली. शिवन्यानं आईचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

समितीनं अहवाल वाचला, गल्लीतून नेलेल्या अंड्यांची प्रयोगशाळेत तपासणी केली आणि शिवन्यावरचा संशय मागे घेतला. नेमक्या मुदतीत संघ जाहीर झाला. पहिलंच नाव शिवन्या वनिता खोत. अर्जावर मधलं नाव तिनं स्वतः बदलून घेतलं होतं, आणि कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्या तिच्या वडिलांनी फौंड्रीतून फोन करून सांगितलं होतं, "बरोबर केलंस बाळा."

त्या दिवशी हसूरवाडीत हलगी वाजली, गुलाल उडाला, आबांनी या वयात दोन जोर मारून दाखवले. नवस बाटला की फळला यावर गावात दोन तट पडले. गुरवानं निकाल दिला तो असा, की नवस देवीला बोललेला असतो, आणि देवीनं तक्रार केलेली नाही. संध्याकाळी शिवन्यानं घरात सगळ्यांची ताटं एका ओळीत मांडली, आणि आईचं ताट मधोमध ठेवलं. आईनं आधी बसायचं, मग बाकीच्यांनी. वनिताला बसून जेवायची सवय नव्हती. ती चारदा उठायला गेली आणि चारही वेळा आबांनी तिला खाली बसवलं. ते ताट पाहून शिवन्याची छाती अशी भरून आली, की संघातलं नाव वाचतानाही आली नव्हती.

महिन्याभरानं डॉ. शिकलगार पुन्हा आल्या. खोत गल्लीच्या अंड्यांवर मोठा अभ्यास करायची परवानगी त्यांना मिळाली होती, आणि तुलनेसाठी ज्या गल्ल्यांत ही पाटी कधी गेली नाही तिथलेही डोळे मोजायचे होते. शिवन्याची परदेशी निघायची तयारी चालली होती, तरी ती मदतीला येऊन बसली. तालमीसमोर वरच्या गल्लीतल्या बायकांची रांग लागली. वनिताची कथा आता सगळ्या गावाची झाली होती, आणि प्रत्येकीला आपला डोळा दाखवायचा होता.

आकडे येऊ लागले. अठ्ठावीस. चोवीस. तेहतीस. त्याच घरांतल्या पुरुषांचे आकडे सकाळी घेतले होते, ते चाळीस-पन्नास होते. डॉक्टर दोन्ही रकाने पुनःपुन्हा ताडून पाहू लागल्या. यांतल्या कुणी नवस बोललेली नव्हती. शिवन्याही पडद्यावरचे आकडे वाचत होती, आणि आता तिला त्यांच्या मागची, सगळ्यांच्या शेवटी वाढून घेतलेली ताटं दिसत होती.

कमल नावाची एक तरणी बाई पुढे आली, कडेवर पोर. पोर तिनं शिवन्याकडे दिलं, खुर्चीत बसली, हनुवटी टेकवायला वाकली आणि तशीच थांबली. तालमीच्या दारात तिची सासू आणि नवरा उभे होते, कौतुकानं बघत होते. त्यांच्याकडे पाठ ठेवूनच तिनं आवाज खाली आणला.

"मॅडम, ह्यात जे दिसंल, ते आमच्या घरात सांगणार काय तुमी? आन्‌ सांगितलासा, तर तुमी गेल्यावर माझ्या ताटात काय पडंल?"